मुदतवाढीच्या फायली आणि ऑपेरा हाउस

सिडनीत उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबांनी ऑपेरा हाउस पाहण्याचा हट्ट धरला आणि मुंबई महापालिकेत अभियंता म्हणून उभी हयात घालवलेल्या माणसाला शोभेल असा पहिला प्रश्न पायऱ्यांवर बसताच विचारला, “मूळ अंदाजपत्रक किती होतं?”

मी सांगितले, 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. प्रत्यक्षात लागले 10 कोटी 20 लाख. 1959 साली सुरू झालेले काम 1963 च्या जानेवारीत संपायचे होते, ते 1973 साली संपले. मधल्या काळात राज्यातले सरकार बदलले आणि नव्या मंत्र्यांशी बिनसल्यामुळे 1966 मध्ये काम सोडून गेलेले वास्तुरचनाकार योर्न उत्झन पूर्ण झालेली वास्तू पाहायला कधी आलेच नाहीत. खर्चाचा मोठा भार लॉटरीने उचलला, हे ऐकून बाबा मनापासून हसले.

मुदत आणि खर्च एवढेच पाहिले, तर हा प्रकल्प सपशेल फसलेला होता. 2007 साली तो जागतिक वारसा यादीत गेला. बाबांना अर्थातच वांद्रे-वरळी सागरी सेतू आठवला: 1999 साली पायाभरणी, पाच वर्षांचा वायदा आणि 2009 साली उद्घाटन.

याउलट गेल्या वर्षी आमच्या कार्यालयात मी सांभाळलेली नवी संगणकप्रणाली ठरल्या दिवशी, ठरल्या पैशांत पूर्ण झाली, केकही कापला गेला. सहा महिन्यांत सगळे कर्मचारी जुन्या एक्सेलकडे परतले. कागदोपत्री ते काम आजही यशस्वी आहे.

काम किती चालेल, हे त्याच्या आराखड्यावरून ठरवू गेले की माणूस हमखास कमी वेळ धरतो, असे कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडले; त्यांचा उपाय असा की, तशाच प्रकारच्या पूर्ण झालेल्या कामांना खरोखर किती काळ लागला, ते आधी पाहावे. ही नावे बाबांनी ऐकलेली नव्हती, पण नव्या कामाचा अंदाज देण्यापूर्वी ते जुन्या फायली मागवून प्रत्येकीत मुदतवाढ किती वेळा दिली, तेवढेच पाहत.

यंदा मीही मागच्या तीन कामांवरून चौदा महिने सांगितले. आमच्या साहेबांना आठ हवे होते. फोनवर बाबांनी आकडा ऐकला, क्षणभर थांबले आणि विचारले, “त्यात पावसाळा धरलास का?”