कालनिर्णयवरच्या फुल्या

संकष्टी, रात्रीचे पावणेनऊ

चंद्रोदय 9.22 ला आहे. सकाळपासून उपास आहे आणि डोकं शांत आहे. मागच्या वर्षीपर्यंत संकष्टीला या वेळी मी आतल्या खोलीत, खिडकीला चादर लावून पडलेली असायची. बाहेर सासूबाई आरतीची घंटा मला त्रास नको म्हणून अगदी हळू वाजवायच्या. तरी ती कपाळात वाजायची.

माझं दुखणं म्हणजे मायग्रेन, पण हे नाव फार उशिरा कळलं. डोकं बहुतेक वेळा डावीकडूनच दुखायला लागतं. आधी भुवईच्या वर एक ठणका, मग डोळ्याच्या मागे, मग मानेपर्यंत. जिना चढला तरी वाढतं. आमच्या पतसंस्थेत नोटा मोजायचं मशीन सुरू झालं की मी दात आवळून बसायची. फोडणीचा वास, उदबत्ती, समोर उभ्या असलेल्या बाईच्या केसातला गजरा, काही म्हणजे काही सोसायचं नाही. शेवटी उलटी. उलटी झाली की झोप लागायची आणि उठल्यावर डोकं हलकं झालेलं असायचं.

त्या उलटीमुळेच सगळ्यांची समजूत चुकली. उलटीनंतर बरं वाटतं म्हणजे पित्तच, हे घरात ठरून गेलं आणि मीही ते 14 वर्षं मानलं. वांगं बंद, शेंगदाणे बंद, हरभऱ्याची डाळ बंद. मोरावळा, कोकम सरबत, सकाळी रिकाम्या पोटी ॲसिडिटीची गोळी. कुणी सांगितलं म्हणून सूर्य उगवायच्या आत दुधात भिजवलेली जिलबी सात दिवस खाल्ली. मधे चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला, सायनसचा एक्स-रे झाला. सासूबाई सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायच्या. लेप वाळताना कातडी ओढली जायची, त्याने थोडं बरं वाटायचं. त्यांचा हात कपाळावर असायचा, त्यानेही.

आणि गोळी. मेडिकलमध्ये ‘डोक्याची द्या’ म्हटलं की दहाची स्ट्रिप हातात यायची. पुढे पुढे तर लग्नाला जायचंय, दुखायला नको, म्हणून निघतानाच एक घ्यायची.

मागच्या वर्षी मार्चमध्ये लेकीच्या दहावीच्या पहिल्या पेपरला मी तिला केंद्रावर सोडायला जाऊ शकले नाही. बादली उशाशी घेऊन पडले होते. ती दाराआडूनच ‘मम्मी, येते’ म्हणाली आणि आवाज होऊ नये म्हणून दार ओढून न घेता गेली. त्या संध्याकाळी ह्यांनी पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टकडे नंबर लावला.

डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, ‘महिन्यातले किती दिवस डोकं पूर्ण मोकळं असतं?’ मला सांगताच येईना. कधी दुखतं ते माहीत होतं, कधी दुखत नाही ते मी कधी मोजलंच नव्हतं. महिनाभर लिहून आणा म्हणाल्या. वेगळी वही माझ्याच्याने होणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारीच सुरू केलं. दुखलं की फुली, आडवं व्हावं लागलं तर दोन फुल्या, गोळी घेतली की गोल, पाळीला ‘पा’. महिना संपला तेव्हा 19 दिवसांवर फुल्या होत्या आणि 17 दिवसांवर गोल.

मॅडमनी पान पाहिलं आणि बोट गोलांवर ठेवलं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा त्याहून जास्त दिवस, आणि अर्गोटामाइन-कॅफीनसारख्या मिश्र, म्हणजे एकाच गोळीत एकाहून जास्त औषधं असलेल्या, गोळ्या 10 किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की ती गोळीच पुढची डोकेदुखी आणू शकते. माझी गोळी मिश्र होती. मला तिथेच रडू आलं. मॅडम म्हणाल्या, ‘तुम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं, मग तुमचं काय चुकलं?’ ते वाक्य अजून मनात आहे.

उलटीचंही तेव्हाच कळलं. उलटी हा मायग्रेनचाच भाग. दुखणं चढलं की पोटाचं काम मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते. पित्त नव्हतंच ते.

दीर एमआरआयच्या मागे लागले होते. मॅडमनी डोळ्याच्या आत उजेड टाकून पाहिलं, चालवून पाहिलं, हातापायांची ताकद तपासली आणि सध्या गरज नाही म्हणाल्या. पण वीज पडावी तसं एकदम भयंकर दुखलं, तापाबरोबर मान ताठली, हातपाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर घरी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं डोकं दुखायला लागलं तरी लवकर दाखवायचं. हे मी माझ्या सगळ्या बहिणींना सांगितलंय.

जुनी गोळी त्यांच्या देखरेखीखाली बंद केली. आठवडाभराची रजा टाकली होती, ती वाढवावी लागली. तिसरा आणि चौथा दिवस फार वाईट गेले. सासूबाईंनी भाताची पेज वाटी-वाटीने पाजली. दहाव्या दिवशी सकाळी कुकरच्या शिट्टीने जाग आली आणि ती नुसती शिट्टी होती. मी तशीच पडून पुढच्या शिट्टीची वाट पाहिली.

रोज घ्यायची गोळी वेगळी आणि दुखल्यावर घ्यायची वेगळी, हे मला चाळिशीत कळलं. प्रोप्रानोलॉल हे मुळात हृदयाचं औषध मायग्रेन रोखायलाही वापरतात, पण मला लहानपणी दमा होता म्हणून ते नको झालं. रात्री अमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम सुरू केली. ह्यांनी मोबाइलवर ‘डिप्रेशनची गोळी’ असं वाचलं आणि घरात दोन दिवस कुजबूज चालली. मॅडमनी फोनवर समजावलं की डिप्रेशनसाठी डोस याच्या कितीतरी पट लागतो. तोंड कोरडं पडायचं, सकाळी डोळे जड. म्हणून ती आता साडेआठलाच घेते. सहा आठवडे काहीच फरक नव्हता, सोडून द्यावी असं फार वाटलं. आठव्या आठवड्यापासून फुल्या विरळ व्हायला लागल्या. आता महिन्याला सहा-सात असतात. निम्म्यावर आलं तरी ते यश मानतात, मग हे तर त्याहून चांगलं.

दुखायला लागलं की रिझाट्रिप्टान, पण आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही. हृदयविकार असलेल्यांना ती चालत नाही, त्यामुळे माझी गोळी मी कुणालाही देत नाही, मागितली तरी. आणि ती वेळेत घ्यायची असते. माझी वेळ जांभयांनी कळते. अकराच्या सुमारास, झोप पुरेशी झालेली असताना, एकामागून एक जांभया यायला लागल्या आणि काहीतरी गोड खावंसं वाटलं की दुपारी येणार. मग पर्स जवळ घेऊन बसते आणि भुवईवर पहिला ठणका लागला की थांबत नाही.

कालनिर्णयने आणखी एक दाखवलं. सहा महिन्यांची पानं मागेपुढे केली तर पाळीच्या आधीचे दोन दिवस, उशिरा उठलेले रविवार आणि जवळजवळ प्रत्येक संकष्टी, तिथे फुल्या. वांग्या-शेंगदाण्यांचा काही संबंध दिसेना. 14 वर्षांनी भरली वांगी केली, दाण्याचं कूट सढळ हाताने घालून. काही झालं नाही.

संकष्टीचं सासूबाईंना सांगायला मी घाबरत होते. त्या पान बघून म्हणाल्या, ‘अगं, गणपतीला तू उपाशी हवी आहेस होय? खाऊन उपास कर.’ तेव्हापासून दर तीन तासांनी काहीतरी पोटात असतं. आज सकाळचा चहा नेहमीच्याच वेळी, मग केळं, राजगिऱ्याचा लाडू, दुपारी वरी-आमटी, चारला दूध. पाण्याची बाटली टेबलावर.

गेल्या आठवड्यात लेक अभ्यासावरून उठून आली. ‘मम्मी, इथे ठणकतंय,’ म्हणाली आणि बोट डाव्या भुवईच्या वर. पोटात गोळा आला माझ्या. हे आईकडून मुलीकडे येतं हे वाचलेलं होतं. तिला अंधारात झोपवलं, कपाळावर हात ठेवून बसले. मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही, असं तिला आणि ह्यांनाही बजावलंय.

तिच्या फुल्या हिरव्या पेनने करतेय. या महिन्यात दोन झाल्या. मंगळवारी माझी तपासणी आहे, तिलाही नेणार आहे.

नऊ वाजून गेले. गच्चीवर जाऊन बघते.