फिल्मवर उमटलेली जाळी

आमच्या कोल्हापूरच्या पोरांचा हात निसर्गचित्रात चांगला बसलेला असतो. पंचगंगेचा घाट, रंकाळ्यावरची संध्याकाळ जलरंगात सहज उतरवतात. म्हणून शेवटच्या वर्षाला रचनाचित्रासाठी जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातल्या अपघाताचा विषय दिला, तेव्हा मला फार आशा होती. आले ते छत्रीसारखे ढग, कवट्या आणि गॅस मास्क.

ढग हिरोशिमाचा होता. फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंपानंतर त्सुनामी आली, वीज गेली, जनरेटर पाण्यात गेले, इंधन थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली आणि तीन अणुभट्ट्यांतलं इंधन वितळलं. स्फोट झाले ते हायड्रोजनचे. दीड लाखाहून जास्त माणसांनी घरं सोडली. इताते हे गाव तर सुरुवातीला रिकामं केलेल्या वीस किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर होतं; वाऱ्याबरोबर आलेलं किरणोत्सारी सीझियम पावसा-बर्फातून तिथं उतरलं आणि शेवटी तेही रिकामं करावं लागलं. शेतं मात्र होती तशीच दिसत होती.

एका मुलीनं नुसतं हिरवं शिवार रंगवलं होतं. बाकीचे हसले. ती म्हणाली, "सर, तितं काय दिसतच न्हाई की. मग काढू काय?"

मला तिचंच चित्र खरं वाटलं, आणि तिचा प्रश्नही.

शिम्पेई ताकेदा हा फोटोकलावंत मूळचा फुकुशिमाचाच. त्यानं २०१२ मध्ये किल्ले, देवळं अशा ठिकाणांची माती गोळा केली आणि अंधाऱ्या पेटीत फोटोच्या फिल्मवर महिनाभर ठेवली. कॅमेरा नाही, उजेड नाही. मातीतल्या किरणांनीच फिल्मवर ठिपके उमटवले. निहोनमात्सु किल्ल्याच्या मातीचा ठसा चांदण्यांनी भरलेल्या आभाळासारखा दिसतो. हे मी वर्गात पडद्यावर दाखवलं. पोरांनी पाहिलं, पण विश्वास बसल्यासारखे चेहरे नव्हते.

मग वरातीला गॅसबत्त्या पुरवणाऱ्या एका जुन्या मंडपवाल्याकडून न जाळलेली मेंटलं, म्हणजे बत्तीत उजेड देणाऱ्या कापडी जाळ्या, आणली. जुन्या मेंटलात थोरियम हे किरणोत्सारी द्रव्य असायचं. हातमोजे घालून, पाकीट न फोडता, काळ्या कागदात गुंडाळलेल्या एक्स-रे फिल्मवर ती ठेवली. मध्ये कपाटाची एक किल्ली सरकवली. पॅरिसमध्ये १८९६ साली बेकरेल या शास्त्रज्ञानं युरेनियमचे क्षार असेच काळ्या कागदातल्या फोटोच्या काचेवर ठेवले होते. दिवाळीच्या सुट्टीआधी सगळं डार्करूमच्या कपाटात बंद केलं.

सुट्टी संपली त्या दिवशी लाल दिव्याखाली सगळा वर्ग ट्रेभोवती दाटला. फिल्म डेव्हलपरमध्ये सोडली. बराच वेळ काहीच नाही. मग मधोमध करडं काहीतरी फुगल्यासारखं झालं, आणि कुणीतरी ओरडलं, "आलंय, सर, आलंय की!" मेंटलची विणलेली जाळी, कडा पुसट, आणि तिच्यात किल्लीची फिकट आकृती. हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातून, काढून फिल्म उजेडात धरली तरी कुणी जागचं हललं नाही. पाकिटातलं ते कापड रोज सगळ्यांच्या हाताशी होतं. ते गप्प बसून काम करत होतं हे आता डोळ्यांना दिसत होतं. माझ्या नोकरीतला इतका आनंदाचा आणि इतका धास्तीचा तास दुसरा नाही.

सीझियम-१३७ तीस वर्षांत निम्मं होतं, असं सांगितल्यावर पोरांनी आपणहून हिशेब मांडला: २०११ ला पडलेल्यातलं निम्मं २०४१ ला शिल्लक असेल. प्रत्येकजण तेव्हाचं आपलं वय मोजायला लागला.

एक मुलगा मात्र खट्टू झाला होता. हात अतिशय तयार असलेला पोरगा. "किरणंच चित्र काढत्यात, तर मग आमी कशाला, सर?"

मी त्याला मारुकी या जपानी चित्रकार पती-पत्नीची हिरोशिमाची चित्रं दाखवली. १९५० पासून बत्तीस वर्षं, शाईनं रंगवलेले पंधरा मोठे पडदे. तिथं भाजलेली शरीरं होती, ती हातानंच काढायची होती. फुकुशिमात शरीर नाही, माती आहे. पण कुठली माती उचलायची हे ताकेदानं ठरवलं, फिल्मनं नाही. त्याला ते अर्धंच पटलं. हिरव्या शिवाराची मुलगी म्हणाली, तिला तेच शिवार पुन्हा रंगवायचंय, या वेळी एक्स-रे फिल्मवर. त्यावरून दोघांची जी जुंपली, ती शिपाई कुलूप घेऊन येईपर्यंत.