तुम्ही विचारलंत म्हणून: मेडिकलवाल्याच्याच तोंडावर खड्डे कसे?

"तुमच्याकडे एवढी औषधं, मग तुमच्याच तोंडावर पिंपल्सचे खड्डे कसे?" काउंटरवर समोरच्याची नजर माझ्या गालावर अडली की हा प्रश्न येणार, हे मला कळतं. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, म्हणून मी बिल करतो आणि गप्प बसतो. आज सगळं सांगतो.

खड्डे भरून काढेल अशी एकही ट्यूब माझ्या दुकानात नाही, आणि दुसऱ्या कुठल्या मेडिकलमध्येही नाही. पुळी बसल्यावर उरतो तो काळपट डाग निव्वळ रंगाचा असतो. ऊन टाळलं, सनस्क्रीन लावलं, तर काही महिन्यांत फिकट होतो. खड्ड्याचं तसं नाही. सूज खोलवर गेली, तिथलं कोलॅजनच, म्हणजे कातडीला आधार देणारं प्रथिन, नष्ट झालं, म्हणून कातडी आत बसली. पुळ्यांवर लावतात त्या ॲडापलीनच्या जेलने उथळ खड्ड्यांत थोडा फरक पडतो, पण ते भरून येत नाहीत.

आणि शेजारणीचं नाव सांगून तुम्ही जे गोरं करणारं क्रीम मागता, त्यात स्टेरॉइड असतं. चिठ्ठीशिवाय मी ते देत नाही, म्हणून तुम्ही रागावून पुढच्या दुकानात जाता. सुरुवातीला चेहरा उजळतो हे खरं. मग कातडी पातळ होते, लाल होते आणि पुळ्या उलट वाढतात. माझ्या काउंटरवर असे चेहरे येतात.

"मग लेझर करून घ्या ना!" केलंय. एका क्लिनिकमध्ये, पॅकेज घेऊन. आपली गव्हाळ-सावळी कातडी भाजली की काळी पडू शकते, हे तिथे कुणी मला बजावलं नाही. मी स्कूटरवरून घरोघरी औषधं पोचवत उन्हातून फिरत राहिलो. दोन्ही गालांवर बारीक काळ्या ठिपक्यांची जाळी उठली आणि ती जायला कित्येक महिने लागले. तरी लेझर वाईट असं मी म्हणणार नाही. फ्रॅक्शनल लेझर ठिपक्याठिपक्याने बारीक जखमा करतं, मधली कातडी शाबूत ठेवतं आणि जखमा भरताना नवं कोलॅजन तयार होतं. पण माझ्या बहुतेक खड्ड्यांना आधी वेगळंच काही हवं होतं.

हे मला नंतरच्या डॉक्टरबाईंनी दाखवलं. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला, टॉर्च माझ्या कानाजवळ धरला आणि हातात आरसा दिला. प्रत्येक खड्ड्याची सावली पडली. इतकी वर्षं मी उजेडाकडे तोंड करून दाढी करत आलो, हा चेहरा मी पाहिलाच नव्हता. मग त्यांनी दोन बोटांनी गाल ताणला. बरेचसे खड्डे नाहीसे झाले.

"हे खालून बांधलेत," त्या म्हणाल्या. "आत चिवट दोरे तयार झालेत, ते कातडीला खाली ओढून धरतात. दोरे सुटल्याशिवाय वरून काही केलं तरी हे उठायचे नाहीत."

कानशिलाजवळचे टोकदार, खोल खड्डे मात्र ताणूनही तसेच राहिले. त्यांच्यात त्यांनी काडीच्या टोकाने तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड टेकवलं. प्रत्येक ठिपका पांढरा पडला आणि चांगलाच चुरचुरला.

दोरे सोडवायच्या प्रक्रियेला सबसिजन म्हणतात. मला बसवूनच गालावर पेनाने खुणा केल्या, कारण आडवं झाल्यावर खड्डे नीट दिसत नाहीत. बधिर करायचं इंजेक्शन दिलं. मग सुई कातडीखालून आडवी शिरली आणि आवाज सुरू झाला. करकर, करकर, थेट जबड्यातून कानात. दुखत काहीच नव्हतं, तरी माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाईंनी हात थांबवून विचारलं, "दुखतंय का?" मी मानेने नाही म्हटलं. दहावीपासून "मला काही फरक पडत नाही" असं सगळ्यांना सांगत आलो होतो, आणि आता दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बसलो होतो.

गाल काळेनिळे पडले. बाबा म्हणाले, "पुरुषमाणसाला चेहऱ्याचं एवढं काय?" कॉलेजात असताना मीही अगदी हेच म्हणायचो. त्या मुलाला आज काय उत्तर द्यावं, ते मला पुरतं सुचत नाही. या पैशात दुकानाचा फ्रीज बदलता आला असता, हे त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण वर्गाच्या फोटोत तो नेहमी मागच्या रांगेत मान वळवून उभा असायचा, तेही मला आठवतं.

खड्डे उथळ होतील, गाल सपाट होणार नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. डाव्या गालावर वस्तरा आता अडत नाही. तुम्हाला अजून खड्डे दिसतात, कारण काउंटरवरची ट्यूबलाइट बरोबर माझ्या डोक्यावर आहे.

घरातल्या मुलांना आत्ता पुळ्या येत असतील, तर "वयाने जातील" म्हणून थांबू नका, त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. पुळ्या वेळेवर आटोक्यात आल्या तर खड्डे कमी पडतात.

माझं म्हणाल, तर बाईंनी आता मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी कातडी टोचणं, सुचवलंय. त्यात काळं पडायचा धोका लेझरपेक्षा कमी, पण सिटिंग्ज अनेक आणि फरक दिसायला महिने. बाबा म्हणतात, पुरे झालं. बायको म्हणते, तुझं तू ठरव. ऊन वाढायच्या आत कळवायचंय, आणि माझं अजून ठरलेलं नाही.