तुम्ही विचारलंत म्हणून: किडनीचा कॅन्सर झालेलं मूल बरं होतं का?

हो, बहुतेक मुलं बरी होतात. लहान मुलांच्या किडनीतला कॅन्सर दहापैकी नऊ वेळा विल्म्स ट्यूमर असतो. मोठ्या माणसांच्या किडनीतला कॅन्सर वेगळा, त्यामुळे कुणाच्या आजोबांचं काय झालं यावरून मुलाचा हिशेब मांडू नका. पूर्ण उपचार वेळेवर मिळतात तिथे १०० पैकी सुमारे ९० मुलं बरी होतात. पण हा आकडा उपचार पुरे करणाऱ्यांचा आहे, आणि आपल्याकडे मुलं हातची जातात ती बरेचदा उपचार अर्धवट सुटल्यामुळे.

तुमच्या मुलाचा अंदाज दोन गोष्टींवर ठरतो: आजार किती पसरलाय आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात. फुप्फुसात गाठी दिसल्या की चौथी स्टेज म्हणतात, आणि घरात रडारड सुरू होते. पेशी अनुकूल, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या प्रकारच्या असतील तर त्यातलीही बहुतेक मुलं बरी होतात. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ‘अ‍ॅनाप्लाझिया’ (म्हणजे पेशी फारच बिघडलेल्या दिसणं) लिहिलं असेल तर मात्र लढाई अवघड. डॉक्टरांना ते स्पष्ट विचारा.

हा आजार बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसतो. मूल खेळत असतं, जेवत असतं. आंघोळ घालताना आईच्या हाताला एका कुशीत टणक गोळा लागतो, किंवा चड्डीचं इलॅस्टिक अचानक घट्ट होतं. कधी लघवी लाल होते, कधी बीपी वाढलेलं सापडतं. मग जंताचं औषध होतं, ‘वायगोळा’ म्हणून कोमट तेलाने पोट चोळलं जातं. कृपा करून पोट चोळू नका. गाठीभोवतीचं आवरण पातळ असतं. ते फुटलं तर पेशी पोटात सांडतात, स्टेज वाढते आणि टळू शकणारी रेडिएशन द्यावी लागते. डॉक्टरांनी एकदा हलक्या हाताने तपासलं की पुरे. आल्यागेल्याला दाबून बघू देऊ नका.

सोनोग्राफी रत्नागिरी, कुडाळ, अलिबागला होते. पुढचं सगळं, म्हणजे पोटाचा आणि छातीचा सीटी स्कॅन, बायोप्सी करायची की नाही तो निर्णय, ऑपरेशन, मुलांच्या कॅन्सरचा विभाग असेल तिथेच करा. घाईत नुसती किडनी काढली आणि जवळच्या लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) तपासायला घेतल्या नाहीत, तर स्टेजच नक्की ठरत नाही. कुठे आधी ऑपरेशन करतात, कुठे आधी साधारण ४ आठवडे केमो देतात: व्हिंक्रिस्टिन दर आठवड्याला, अ‍ॅक्टिनोमायसिन दोन आठवड्यांनी. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. व्हिंक्रिस्टिनने शौचाला खडा होतो, जबडा दुखतो, पाऊल लुळं पडून मूल अडखळतं. पुढच्या डोसआधी हे सांगाच. सलाईनच्या जागी आग झाली किंवा सूज आली तर त्याच क्षणी नर्सला हाक मारा. हे औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं.

आम्हाला सर्वात जास्त काळजी वाटते ती दोन डोसांच्या मधल्या दिवसांची, मूल गावी असताना. केमोमुळे रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा. तापाचं औषध आकडा खाली आणतं, जंतू नाही. त्याला शिरेतून अँटिबायोटिक लागतं आणि तासांनी फरक पडतो. म्हणून घरी थर्मामीटर हवा, गाडीवाल्याशी आधी बोलणं हवं, आणि पावसात तुमच्या वाडीतून कुठल्या वाटेने बाहेर पडता येतं ते ठाऊक हवं. जवळच्या दवाखान्यात दाखवायला केमोचं कार्ड सोबत ठेवा.

गणपतीत तारीख आली तर परस्पर चुकवू नका, आधी विचारा. डॉक्टरांना सण कळतात. गाठ दिसेनाशी झाली म्हणून केमो सोडणं ही त्याहून मोठी चूक.

पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे; रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेत सवलत मिळते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलातून भरून घ्या.

आजार उलटला तर बहुधा पहिल्या २ वर्षांत. तेव्हा दर ३ महिन्यांच्या छातीच्या आणि पोटाच्या तपासण्या चुकवू नका. एका निरोगी किडनीवर शाळा, पोहणं, पुढे नोकरी, संसार सगळं होतं. वर्षातून एकदा बीपी आणि लघवीतलं प्रोटीन बघा, डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध दिलं असेल तर हृदयाचा इकोही सांगतील तेव्हा करा. आणि मेडिकलमधून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं परस्पर आणू नका.