एकाच पाटीतून चार रंग

एका लाकडी पाटीतून चार रंग छापायचे ठरवले तेव्हा मला ती काटकसर वाटली होती. रिडक्शन वुडकटची, म्हणजे एकच लाकडी पाटी टप्प्याटप्प्याने कोरून छापण्याची, रीत ऐकायला सोपी आहे: थोडं कोरायचं, फिका रंग छापायचा, त्याच पाटीतलं आणखी लाकूड काढायचं, वर गडद रंग. कोरलेलं परत येत नाही, म्हणून सगळे कागद पहिल्याच रंगाला छापून ठेवावे लागतात. मी बारा घेतले. शेवटी सात उरले.

नक्षी म्हणजे बारीक त्रिकोणांच्या तिरक्या ओळी. अमूर्त चित्र उलटं छापलं तर काय बिघडतं, असं म्हणून आरशात पाहिलंच नाही. वर चढणाऱ्या ओळी कागदावर घसरत खाली आल्या!

पिवळा सुरेख बसला. पाइनच्या लाकडाला आधी तारेचा ब्रश मारला होता. मऊ भाग झिजून कठीण रेषा वर राहिल्या आणि त्या माझ्या त्रिकोणांपेक्षा जास्त उठून दिसल्या. ते आवडलं, राहू दिलं.

मग निळा. शाईत पारदर्शक बेस जास्त पडला होता, त्यामुळे हाती आला शेवाळी हिरवा. चूक नुसती शाईची नव्हती. पाटीवर उरलेल्या प्रत्येक जागी आधीच पिवळा छापलेला होता, मग निळ्याला कोरा कागद मिळणार कुठून? पांढरा मिसळून शाई अपारदर्शक केली आणि पुन्हा छापलं. पिवळा झाकला गेला, पण थर जाड झाला. तो ओला असतानाच मी तिसरा रंग चढवला. शाई धरेना, नुसते ठिपके. दोन कागद तिथेच गेले. उरलेले कागद चार दिवस वाळत ठेवले. आणखी तीन कागद दोनेक मिलिमीटर सरकल्यामुळे वाया गेले, त्याबद्दल न बोललेलं बरं.

दुसऱ्या चित्रासाठी पाटीच करवतीने कापली. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक असंच करायचा: तुकड्यांना वेगवेगळी शाई लावायची, पुन्हा जुळवायचे, एकदाच छापायचं. निळा अखेर कोऱ्या कागदावर पडला. फक्त तुकड्यांच्या मधे करवतीच्या पात्याएवढी पांढरी रेघ राहिली. आधी ती बुजवायला निघाले होते. मग लक्षात आलं, त्रिकोणांहून चांगली नक्षी तीच आहे.

आता तिसऱ्या पाटीवर आधी त्या रेघाच आखते आहे. रंग अजून ठरलेले नाहीत.