दोन शॉटच्या मधलं चालणं

रविवार, रात्री

गोल्फचे अठरा होल खेळायला चारेक तास लागतात. त्यात प्रत्यक्ष क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, फिरवण्यात काही मिनिटंच जातात, बाकी वेळ आपण आपल्याच तावडीत! टेनिसमध्ये निदान पुढचा चेंडू लगेच अंगावर येतो. इथे वाकडा मारलेला बॉल शोधत सावकाश चालत जायचं, आणि चालताना मनात जे सुरू असतं ते मोठ्याने बोललो तर सोबतचे लोक पुन्हा माझ्याबरोबर खेळायला यायचे नाहीत.

आज ठरवून त्या बडबडीकडे लक्ष दिलं. निमित्त क्रिस्टिन नेफ यांचं लिखाण. या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये आत्मकरुणेची तीन अंगं मांडली: स्वतःशी मायेनं वागणं, चुका सगळ्यांच्याच होतात याचं भान ठेवणं, आणि जे वाटतंय त्यात वाहून न जाता ते नीट पाहणं. पहिलं अंग वाचून मी नाक मुरडलं होतं. लाड करून कुणाचा हॅन्डीकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) उतरलाय? पण २०१२ मध्ये ब्राइन्स आणि चेन या संशोधकांनी केलेल्या एका प्रयोगात, अवघड चाचणीनंतर ज्यांना स्वतःशी समजुतीने वागायला सांगितलं होतं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास केला. म्हणजे लाडावून ढिले पडले, असं काही झालं नाही.

दुसरं अंग तर गोल्फरला आकड्यांतच सापडतं. आठ फुटांवरून पीजीए टूरवरच्या व्यावसायिक खेळाडूंचेसुद्धा साधारण निम्मेच पुट (बॉल होलकडे हलकेच घरंगळवणारे फटके) होलमध्ये पडतात. नामांकित गोल्फर रॉरी मॅकलरॉय २०११ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार शॉटची आघाडी घेऊन उतरला आणि त्या दिवशी त्याला तब्बल ८० शॉट लागले. दहाव्या होलवर ट्रिपल बोगी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा तीन शॉट जास्त. दोनच महिन्यांनी यूएस ओपन ही तशीच मोठी स्पर्धा त्याने आठ शॉटच्या फरकाने जिंकली. आणि आम्ही हौशी मंडळी एक तीन फुटांचा पुट हुकला की स्वतःचा उद्धार करतो.

आज मला खरं उमगलं ते तिसऱ्या अंगाबद्दल. शिव्या घालताना मी शॉट पाहतच नाही. बॉल कुठल्या दिशेने निघाला, हवेत कुठे वळला, काही आठवत नाही. आठवतो फक्त संताप. आज बॉल पुन्हा उजवीकडे गेला तेव्हा तोंड मिटून तसाच उभा राहिलो. बॉल निघालाच होता उजवीकडे, आणि सरळ गेला होता. खाली पाहिलं तर पायांची रेषही तिकडेच. स्विंग बिचारा ठीकच होता!

रागाचं दुसरं घर म्हणजे बोटं. पुढच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीवर, पुट मारायचा क्लब, पुटर, इतका आवळून धरला होता की मनगटाच्या वरचा भाग दगड झाला होता. ‘होतं असं’ म्हटलं आणि पुटरच्या डोक्याचं वजन जाणवेपर्यंत पकड सैल केली. पुट पडला नाही, पण होलच्या कडेला थांबला. आवळून मारला असता तर चार फूट पुढे गेला असता, हे नक्की.

स्कोअर नेहमीचाच. एरवी मात्र अशा राउंडनंतर संध्याकाळभर घरात कुणाशी धड बोलत नाही. आज जेवताना गप्पा झाल्या. बुधवारी सरावाच्या रेंजवर पायांपुढे एक क्लब आडवा ठेवून फक्त दिशा बघायची. लांब मारायचा क्लब, ड्रायव्हर, बॅगेतच.