मिस्साबलिदान की प्रभुभोजन?

येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी असतो. त्याला मराठी कॅथलिक 'मिस्साबलिदान' म्हणतात, प्रॉटेस्टंट 'प्रभुभोजन'. हे देवाला केलेलं बलिदान की देवाने दिलेलं भोजन, हा सगळा वाद या दोन शब्दांत आहे.

आधी एक नेहमीचा गोंधळ. भाकरीत ख्रिस्त खरोखर असतो का, हा वेगळा प्रश्न. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचं उत्तर 'असतो' असंच होतं, तरी मिस्साला बलिदान म्हणणं त्याला साफ नामंजूर. त्याच्या मते इथे देव देतो, माणूस घेतो. आपण देवाला अर्पण करायला लागलो की दिशाच उलटते. म्हणून 1523 मध्ये त्याने लॅटिन मिस्सा ठेवली, पण तिच्यातल्या अर्पणाच्या प्रार्थना काढल्या. ख्रिस्ताचे 'हे माझे शरीर आहे' हे शब्द तेवढे राखले.

प्रॉटेस्टंटांचा आधार बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा 10वा अध्याय: याजक रोज उभा राहून तीच बलिदानं करतो, ख्रिस्ताने मात्र एकदाच अर्पण केलं आणि तो देवाच्या उजवीकडे जाऊन बसला, म्हणजे काम पूर्ण झालं. मग रोजची वेदी कशाला?

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेचं उत्तर 17 सप्टेंबर 1562 चं. क्रूसावर आणि वेदीवर बळी तोच ख्रिस्त, अर्पण करणाराही तोच. फरक फक्त रीतीचा, इथे रक्त सांडत नाही. म्हणजे क्रूसाची पुनरावृत्ती नव्हे, तेच बलिदान वेदीवर उपस्थित. 'कॅथलिक ख्रिस्ताला पुन्हा मारतात' हा आरोप त्यामुळे नेम चुकलेला वाटतो. पण हे बलिदान जिवंतांसाठी आणि मृतांसाठीही अर्पण करता येतं, असंही ट्रेंटने ठरवलं. खरी ठिणगी तिथे आहे: मृतांसाठी मिस्सा, तिची दक्षिणा, आणि त्यामागचं शुद्धिस्थान, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी मृतांचे आत्मे शुद्ध होतात ती अवस्था.